फुगेवाली गाडी

लाल दिवा पहिल्यांदा लागला तो सोमवार होता. मी शाळेला निघाले होते. मी शिकवते ती शाळा करमाडच्या पुढच्या एका खेड्यात आणि मी राहते शहरात, सिडकोत. म्हणजे जालना रोड रोजचाच. चिकलठाणा ओलांडलं आणि स्टिअरिंगच्या मागे, स्पीडच्या काट्याखाली, एक छोटा लाल माणूस उजळला. पट्टा बांधून बसलेला, पुढ्यात एक गोल चेंडू. शेंद्र्यापर्यंत विझेल, म्हणत राहिले. शाळेच्या फाटकात गाडी बंद केली तेव्हा विझला. संध्याकाळी चावी फिरवली, तर सगळ्या दिव्यांच्या आधी हाच हजर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गाडीचं पुस्तक उघडून पाहिलं. एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे, अपघातात बॅग उघडणार नाही, असं सरळच छापलं होतं. जेवणाचा डबा मी तसाच परत बांधला.

माझे मिस्टर याच रस्त्यावर गेले. मोटारसायकलवर होते, कुंभेफळच्या फाट्यापाशी. घरात दोघीच उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याच फाट्यावरून जाणाऱ्या बसमध्ये डोळे मिटून बसायला शिकले. पुढे आत्याबाईंनीच हट्ट धरला, गाडी घे म्हणून. शोरूममध्ये त्यांनी ना रंग पाहिला, ना मायलेज विचारलं. विकणाऱ्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "त्यो फुगा नक्की उघडतो का रं?"

"हो आजी, ठोकर बसली की लगेच."

"किती बारी?"

त्याला हसू आलं. "एकदाच आजी. मग नवा बसवावा लागतो."

आत्याबाई काही हसल्या नाहीत. गाडी घरी आली तेव्हापासून तिचं नाव 'फुगेवाली'. शेजारणीला सांगताना सुद्धा, आमची सून फुगेवाली घेऊन गेली, असंच.

तेव्हा फुगाच चालत नाही, हे घरी सांगायचं कोणत्या तोंडाने? मी गुपचूप शोरूमला गेले. त्यांनी यंत्र जोडलं, बटणं दाबली, दिवा घालवला. मुकुंदवाडीपर्यंत पोचले नसेन, तो पुन्हा आला. परत गेले, तर तिथला मेकॅनिक म्हणाला, "कनेक्शन लूज दाखवतंय मॅडम. सीटा काढून बघावं लागंल. गाडी ठेवून जा." गाडी ठेवून घरी गेले असते, तर आत्याबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. नंतर आणते म्हणाले आणि निघाले. माझी शहाणपणाची धाव तेवढीच.

त्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत. जगातला असा विषय नाही ज्यात त्यांना काही माहीत नाही. चहा फुंकत म्हणाले, "मॅडम, असा दिवा लागला ना, की बॅग आपोआप पण उघडू शकते. नाकाचं हाड मोडतं." झालं. आधी भीती होती की वेळेला उघडणार नाही, आता वाटायला लागलं की भलत्याच वेळी उघडेल. मी सीट मागे सरकवून, हात लांब करून गाडी चालवू लागले. मागून ट्रकने हॉर्न दिला की मी गाडी कडेला घ्यायची. कुंभेफळचा फाटा आला की मी श्वास धरायची आणि तो मागे पडल्यावर सोडायची. खरं सांगायचं तर मला मरणाची एवढी भीती नव्हती. भीती होती ती घरच्या फाटकाची. संध्याकाळी मी येईपर्यंत आत्याबाई फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभ्या असतात. मिस्टर गेले त्या संध्याकाळी त्या तशाच उभ्या राहिल्या होत्या आणि गाडीतून भलतीच माणसं उतरली होती. पुन्हा तसं झालं, तर त्यांना आत न्यायला घरात कोणी नाही.

रविवारी त्यांना हर्सूलच्या देवीला न्यायचं होतं. त्या पुढेच बसतात, दिवा दिसणार. गाडी सुरू करण्याआधी मी कपाळावरची टिकली काढली आणि त्या लाल माणसावर चिकटवली. मिस्टर गेल्यावर मी टिकली सोडली होती. आत्याबाईंनीच बाजारातून पाकीट आणून हातात दिलं होतं, लाव म्हणून. ती टिकली अशी कामाला आली. पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"हे काय गं?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायांकडे वाकून एकदा बघून घेतलं. मला वाटलं, चपला बघतायत.

त्याच आठवड्यात शाळेतून परतताना ते घडलं. शेंद्रा मागे पडलं होतं. पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल अर्धं खाली गेलं आणि कशावर तरी टेकलं. कडक काहीतरी. मी पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गाडी हळू झाली पण थांबेना. टेम्पोच्या फळीचे खिळे दिसायला लागले. फुगा उघडणार नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि फाटकाची कडी. स्टिअरिंग डावीकडे मातीत घातलं, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी हिसका देऊन बंद पडली. टेम्पोचा मागचा कोपरा माझ्या खिडकीला लागून होता.

चावी काढली. मग खाली पाहिलं. ब्रेकच्या पेडलखाली नारळ होता. शेंडीचा, हळदीकुंकू लावलेला, अंगावर लाल कापडाची फाटकी चिंधी. वाकून सीटखाली हात घातला. कापडाचा उरलेला तुकडा तिथे पिवळ्या वायरींना बांधलेला होता आणि त्या ओढीने वायरींची खुंटी खाचेतून निम्मी बाहेर आली होती. गाठ मी ओळखली. दुहेरी मारून टोक आत खोचलेली. आमच्या पापडाच्या डब्यावरच्या फडक्याला तशीच असते.

तशीच शोरूमला गेले. मेकॅनिकने एअरबॅगच्या वायरींची ती खुंटी दाबून बसवली, यंत्र जोडलं, दिवा गेला. या वेळी मुकुंदवाडी काय, सिडको आलं तरी परत लागला नाही. मला मात्र आनंद नव्हता, संताप होता. रस्ताभर वाक्यं जुळवत आले. जीव वाचवायला निघालात आणि जीवच घेत होतात, असं काय काय.

आत्याबाई फाटकाशीच होत्या. मी नारळ त्यांच्यापुढे धरला.

"हे सीटखाली कुणी बांधलं?"

"म्या. लई दिस झालं की. मागल्या म्हैन्यात देवीला गेल्तो तवा, तू चपला ठिवाया गेलीस अन् म्या बांधला."

"कशाला? फुगा आहे ना गाडीला?"

त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला. "व्हय. पर त्यो एकदाच उघडतो म्हणला व्हता त्यो पोरगा. दुसऱ्या बारीला कोण हाय?"

मी वळून फाटकाची कडी लावली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यो काढलास का? अन् तोंड का उतरलंय तुझं?"

"सीटखाली गडगडत होता, म्हणून काढला. दमलेय जरा."

दिवाबत्ती झाल्यावर त्यांनी तो पायरीवर फोडला. उन्हात तापलेल्या गाडीत इतके दिवस पडून तो आतून नासला होता, घाण वास सुटला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघ," त्या म्हणाल्या, "तुझ्यावरचं समदं त्यानं घेतलं." मी भिंतीला टेकून बसले आणि रडले. का रडतेय ते त्यांनी विचारलं नाही, पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

टिकली मी अजून काढलेली नाही. खालचा दिवा विझलेला आहे हे माहीत असूनही सकाळी चावी फिरवताना तिकडे बघते. आणि पुढच्या रविवारी हर्सूलहून येताना नवा नारळ मीच घेतला. तो आता मागे डिकीत, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतो. डबा मी ठेवला. फडक्याची गाठ त्यांनी मारली.