पडद्यावरचं हसू

आमचे भाऊ आधी हसायचे आणि मग बोलायचे. बातमी बरी असो की वाईट, आधी ते घशात किंचित अडकणारं ‘हॅ हॅ हॅ’ आणि मग उत्तर. आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्याने “कसं झालं हो?” म्हणून विचारलं, तर त्यालाही भाऊ हसूनच सांगायला लागले. आईने त्यांना दंडाला धरून आत नेलं. आत जाऊन ते ढसाढसा रडले, पण ते बाहेरच्यांना कुठून दिसणार? आई चिडली की म्हणायचे, “तोंड वाईट केलं म्हणून बातमी गोड होते का?”

भाऊ म्हणजे माझे वडील, मोखाड्याकडच्या पाड्यांचे ग्रामसेवक. आम्ही जव्हारला राहायचो. ते रोज सकाळी एसटीने जायचे, आणि एसटी चुकली की जीपच्या मागे लटकून. सगळं जग त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, त्यातला ‘साहेब’ वगळून आम्ही भाऊ म्हणायचो. तसंही साहेबपण त्यांच्या अंगात औषधालाही नव्हतं.

‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी लहानपणी ऐकलाच नाही. दारावर कुकर विकणारा आला की भाऊ हसायचे, आणि तो कुकर ठेवून जायचा. आमच्या घरात माणसांपेक्षा छत्र्या जास्त होत्या. पाड्यावरची माणसं त्यांच्या पिशवीत नागलीचं पीठ, काकड्या, करवंदं कोंबायची, तेव्हाही ते हसायचे आणि घ्यायचे. आई म्हणायची, “तुमच्या हसण्याचा अर्थ लावायला एक माणूस ठेवायला हवा.” त्यावरही हसायचे.

एका उन्हाळ्यात मुंबईची काही मुलं कॅमेरा घेऊन त्यांच्या एका पाड्यावर आली. तिथल्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता, टँकरचा पत्ता नव्हता, आणि खाली दरीत धरणाचं पाणी शहराकडे जायला तुडुंब भरून बसलं होतं. मुलांनी भाऊंनाही काहीतरी विचारलं आणि चित्रण केलं. भाऊ घरी येऊन सांगते झाले, “आपण सिनेमात गेलो बरं का!”

दोनेक वर्षांनी जव्हारमध्ये माहितीपटांचा महोत्सव भरला. साहस, चळवळी, पर्यावरण असे त्याचे विषय होते. शहरांतून फिरत फिरत तो आमच्याकडे आला होता, आणि त्यात त्या मुलांचा पाण्यावरचा माहितीपट होता. एसटी स्टँडवर पोस्टर लागलं त्या दिवसापासून भाऊंचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, शेजारच्या कंपाउंडरकाकांना सहकुटुंब बोलावलं. आईला ठेवणीतली साडी नेसायला लावली. मी दहावीत होते, माझ्या मैत्रिणींनाही त्यांनी परस्पर आमंत्रण देऊन टाकलं. भर दुपारी आमची वरात त्या सभागृहात शिरली आणि भाऊंनी पुढून दुसरी रांग धरली.

पहिल्या माहितीपटात एक माणूस बर्फाच्या कड्याला दोरीने लोंबकळत होता. “याला घरदार आहे का?” भाऊंनी मला विचारलं. दुसऱ्यात झाडं वाचवायला बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मग आमचा पाडा आला. ओळखीच्या वाटा दिसल्यावर मागे कुजबुज झाली. बाया विहिरीत उतरून करवंटीने पाणी खरवडून हंड्यात भरत होत्या. नंतर कॅमेरा दरीतल्या त्या भरल्या धरणावरून सावकाश फिरला.

आणि पडद्यावर भाऊ आले. काखेत फाइल. एका मुलीचा आवाज आला, “टँकर का येत नाही?” भाऊ हसले. हॅ हॅ हॅ. “येईल की!” म्हणाले आणि पुन्हा हसले. कॅमेरा हलला नाही. तो त्यांच्या तोंडावरच राहिला, हसू संपून ओठ नुसते फाकलेले राहीपर्यंत.

“निर्लज्ज!” मागून एक पुरुषी आवाज आला. “लाज कशी वाटत नाही मेल्याला,” एक बाई म्हणाली.

आणि माझ्या शेजारी बसलेले खरे भाऊ हसले. मोठ्याने. कोणी काही वाईट बोललं की ते हसायचेच, त्यांचा काही इलाज नव्हता. पण आत्ताच पडद्यावर ऐकलेलं ते हसू खुर्चीतून आलं, आणि पुढची-मागची सगळी डोकी आमच्याकडे वळली. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या मैत्रिणी पायांकडे बघत होत्या. आईने पदर तोंडाला लावला होता.

दिवे लागल्यावर ती माहितीपटवाली मुलगी आमच्यापाशी आली. तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं. “काका, तुमच्यावर राग नाही आमचा. हे सगळं व्यवस्थेबद्दल आहे.”

भाऊ उभे राहिले. “तुम्ही दाखवलंत ते खरंच आहे,” म्हणाले. त्या वेळी मात्र ते हसले नव्हते. परतताना कंपाउंडरकाका म्हणाले, “फोटो छान आला हो तुमचा, भाऊसाहेब.” बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार?

त्या दिवसापासून भाऊंनी हसणं सोडलं. सकाळी दाढी करताना ते आरशात बघून गंभीर चेहरा करायचे. तो त्यांना जमायचा नाही, दाढ दुखत असल्यासारखे दिसायचे. पूर्वी मला ते चारचौघांत हसले की लाज वाटायची. आता ते गप्प बसले तरी वाटायची, कारण ते का गप्प आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर त्याच पाड्यावर गेले होते. वळणावर बाया हंडे मांडून उन्हात बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या होत्या. सोमी नावाची एक बाई पुढे आली. रोजाला जायचं सोडून आली होती ती. 

“भाऊसाहेब, गाडी कवा येल?”

“कोणी सांगितलं गाडी येणार म्हणून?”

“तूच ना! परवा आमी तुला इचारला, तं तू गप ऱ्हायलास. आधी तू हासायचास. तू हासलास का आमाला कळायचा, पानी नाय येत. आमी आपल्या लांबच्या झऱ्यावर जायाचो. आथा तू हासलास नाय, तं आमाला वाटला, येल.”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग रांगेतल्या हंड्यांकडे पाहिलं. आणि मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

“नाही,” ते म्हणाले. “नाही येणार गाडी. मंजुरीच आलेली नाही.”

सोमी भडकली. बाकीच्याही बोलायला लागल्या. इतकी वर्षं साठलेलं सगळं त्यांनी त्यांच्या भाषेत बाहेर काढलं. भाऊ उन्हात उभे राहून ऐकत होते. जीप आली तरी ते चढले नाहीत, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबले.

घरी आल्यावर आईला म्हणाले, “मी हसलो की ती माणसं मुकाट उठून जायची. मला वाटायचं, माझा स्वभाव गोड आहे.” ताटावर बसले होते, पण जेवले नाहीत. लोकांनी ‘निर्लज्ज’ म्हटलं तेव्हापेक्षा त्यांचा चेहरा त्या दिवशी जास्त उतरला होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते ‘नाही’ म्हणत राहिले. वरच्यांकडे खेटे घालू लागले, भांडायला लागले, बोलणी खाऊ लागले. टँकर कधी आला, बऱ्याचदा नाही आला. नसला की स्वतः पाड्यावर जाऊन तसं सांगायचे आणि शिव्या ऐकून यायचे. पाड्यावरून पिशवीत येणारी करवंदं बंद झाली. आईने एकदा तसं बोलून दाखवल्यावर म्हणाले, “पूर्वी ती मी फुकट खाल्ली.”

निवृत्तीनंतर फार दिवस त्यांच्या वाट्याला आले नाहीत. ते गेले, आणि काही महिन्यांनी आई म्हणाली, “त्यांचा आवाज कुठे असेल का गं?” आमच्याकडे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. मी त्या माहितीपटवाल्या मुलीचा पत्ता शोधून तिला विचारलं. तिने सीडी पाठवली.

आई आणि मी ती लावतो. बर्फ नाही, झाडं नाहीत, नुसता आमचा पाडा. भाऊ हसतात, आई डोळे पुसते आणि म्हणते, “पुन्हा लाव.” मी पुन्हा लावते. कितीतरी वेळा पाहिल्यावर मला त्यांच्या मागे उभी असलेली बाई दिसली. बहुतेक सोमीच आहे ती. कमरेवर रिकामा हंडा, आणि भाऊ हसताक्षणी ती वळून चालायला लागते, उत्तर मिळाल्यासारखी.

आईला मी ती दाखवली नाही. पण आता भाऊंचं हसू ऐकायचं म्हटलं की मला तिला जाताना बघावं लागतं.