काकीच्या लावणीची पाळी

वडिवळ्यात आमची भातलावणी अजून इर्जिकीनं होते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. पाळी कुणाची ते फोनवर दिसावं म्हणून मी एक साधं वेबपान केलं. धरणाकडं रेंजचा आनंदीआनंद. म्हणून कोडमध्ये त्या पानाला दिवसभराची मुदत घातली. एकदा उघडलं की त्याची प्रत फोनमध्येच राहावी, नेट नसलं तरी दिसावी.

काका गेल्यानंतरची ही पहिली लावणी. काकीला एकच घोर होता. "घरात गडी न्हाई. लोकांची पाळी मी कशी फेडायची? येतील का रं कुनी?"

"काकी, उगाच काहीतरी बोलू नकोस," मी म्हणायचो.

त्यात ज्याची पाळी होती त्या शेजाऱ्याचा पॉवर टिलर आदल्या संध्याकाळी मोडला आणि चिखलणी राहिली. त्यानं काकीशी पाळी बदलली. मी लगेच पान बदललं. उजाडता उजाडता काकीनं रोपं उपटून मुठी बांधल्या. उपटलेलं रोप काही फार तग धरत नाही.

दिवस वर आला तरी कुणाचा पत्ता नाही. काकी बांधावर बसून मुठींवर पाणी शिंपडत होती.

"बगितलंस," ती म्हणाली, "मानूस गेलं की पाळी बी जाती."

मला गावाचा असा राग आला की गाडीला किक मारली ती भांडायच्याच तयारीनं. शेजाऱ्याच्या खाचराशी पोचलो, तर अख्खी इर्जिक तिथं ताटकळत उभी. शेजारी टिलर दुरुस्तीला घेऊन कामशेतला गेलेला.

एका आबांनी फोन पुढं केला. "ह्येच्यात तर हितलीच पाळी दिसतीया."

फोनमध्ये कालची प्रत होती. मुदत संपली नव्हती, म्हणून नवीन काही आलंय का हे फोननं सर्व्हरला विचारलंच नव्हतं. कुणाशी भांडणार, माझ्याच मुदतीशी?

"आरं, मग घरी येऊन सांगायचं की," आबा म्हणाले, आणि सगळे लगबगीनं निघाले.

त्यांना येताना बघून काकीनं डोळ्यांना पदर लावला. मग उशिरा आलात म्हणून सगळ्यांना झाडलं. मला लय बरं वाटलं ते ऐकून.

संध्याकाळी मी ती मुदत काढून टाकली. आता पान दिसण्याआधी फोन दर वेळी सर्व्हरला विचारतो. रेंज नसली तर उघडत नाही, नाही तर नाही. लोक घरी येऊन विचारतील.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची पाळी. मी पोचलो तर काकी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरलेली.

"कालचं अंग दुखत असेल, काकी. आज राहू द्यायचं."

"गेले ते तुजे काका," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली. "मी हाय की."