वास गेला त्यानंतर

साथीच्या वर्षी मला आलेला ताप आठ दिवसांत उतरला, पण त्याच्याबरोबर गेलेला वास परत आला नाही. कोरगावात तेव्हा काजूचा हंगाम होता. शेजाऱ्यांच्या अंगणात बोंडांचे ढीग दिसायचे आणि मी नाकाने नुसतीच हवा ओढायची. पेडण्याचे डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." दोन वर्षांनीही ते तेच म्हणाले, तेव्हा मी जाणं बंद केलं.

सासूबाई अर्धांगवायूने खाटेवर होत्या. नवरा वास्कोला बंदरात कामाला, आठवड्याने घरी यायचा. त्यामुळे त्यांचं न्हाणं-धुणं, भरवणं सगळं माझ्याकडे.

एका शनिवारी तो दुपारीच आला. आईच्या खोलीत पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावून मागे सरला. मी त्यांच्या उशाशी बसून तांदूळ निवडत होते.

"अगं, तुला कळत नाही?" तो ओरडला. मग त्याला आठवलं असावं. तो विहिरीवर पाणी आणायला गेला.

मी चादर बाजूला केली. सकाळपासून त्या तशाच घाणीत पडून होत्या. कमरेखालची कातडी लालभडक झाली होती, एका जागी सोलवटली होती. मी कोमट पाण्याने हळूहळू पुसून काढलं.

"आई, मला हाक का नाही मारलीत?"

त्यांची जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला वेळ लागला. "सगळी नाकाक पदर लावन येतत. तू लावणस नाय. तुका सांगूक माका लाज वाटली."

त्या दिवसापासून दर दोन तासांनी मी चादर उचलून बघू लागले. त्या नको म्हणत, भिंतीकडे तोंड फिरवत. मी तरी बघायचीच. जखम भरायला दीड महिना गेला.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. बाराव्याला सावंतवाडीकडच्या नातलग बायका आल्या होत्या. त्यांतली एक माझा हात धरून म्हणाली, "किती केलंस गो सासूचं! तिथेच बसून जेवायचीस म्हणे."

"मला वास येतच नाही," मी म्हटलं.

तिला तो माझा विनय वाटला. डोळे पुसत ती दुसरीला म्हणाली, "बघ, कशी बोलते."

मी पुन्हा सांगितलं नाही. वास येत असता तर मी तिथे बसले असते का, हे मला आजही ठाऊक नाही.