धुतलेल्या कोऱ्या साड्या

रक्सौलच्या धर्मशाळेच्या नळावर माझी बायको तीन कोऱ्या साड्या धूत होती. नायलॉनच्या, जपानी. दुकानातल्या घड्या अजून पुरत्या मोडल्या नव्हत्या. चार हात लांब हेडमास्तरांची बायको उभी होती. पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून स्वतःच्या साडीचा काठ उचलून धरलेला.

"अंगावरच्या आहेत ना तुझ्या," त्या म्हणाल्या. "तीनदा खळबळून काढ. मग दोरीवर टाक. वाळल्या की मी उचलते."

मी दहा पावलांवर ट्रंकेवर बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. उठलो नाही.

का, ते सांगतो. मी कोल्हारजवळच्या एका खाजगी हायस्कुलात गणित शिकवत होतो. नोकरी कायम झालेली नव्हती. दोन वर्षांच्या उमेदवारीतले सोळा महिने संपले होते, आठ उरले होते. पुढचं हेडमास्तरांच्या शेऱ्यावर होतं. आमच्या महारवाड्यातला पहिला बी. ए. मी. बौद्ध होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण स्टाफरूममध्ये माझा पेला वेगळ्या फळीवर असे. मी तो स्वतःच विसळून स्वतःच त्या फळीवर ठेवत असे. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाआधीची दिवाळी. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, सुट्टीत काठमांडूला चला आमच्याबरोबर. बिऱ्हाडासकट. खरेदी होईल, परका मुलूखही बघून होईल." मला वाटलं, माणूस बदलला. आता आपण कायम झालो.

बायकोला बाजाराचं काही नव्हतं. "तिथं डोंगरावर बुद्धाचा लई जुना स्तूप हाय म्हनं," ती म्हणाली. "तेवढा बघू." तिने प्रवासासाठी दशम्या केल्या. हेडमास्तरांचा डबा वेगळा, आमचा वेगळा. मनमाडपासून रक्सौलपर्यंत तीन गाड्या बदलल्या. ते दोघं, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. पाच माणसं, दोन डबे.

काठमांडूत तीन दिवस होतो. तिन्ही दिवस बाजार. साड्या, टेरिलीनचे तुकडे, घड्याळ, ट्रान्झिस्टर. पिशव्या मी धरायच्या. स्तूप लॉजच्या गच्चीवरून दिसायचा. बायको सकाळी गच्चीवर जाऊन तिथूनच हात जोडायची. शेवटच्या दिवशी मी हेडमास्तरांकडे विषय काढला.

"तिथे नुसती माकडं आहेत गुरुजी. माकडं बघायला एवढ्या लांब आलो का आपण?"

मी हसलो. बायको शेजारी उभी होती आणि मी हसलो.

परतताना सरहद्दीच्या अलीकडे, वीरगंजच्या लॉजवर, सकाळीच हेडमास्तरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. कस्टममध्ये माणशी ठरावीकच माल सोडतात, त्यांचा जास्त झाला होता. "बायकांच्या अंगावरचं कुणी बघत नाही. आमची मंडळी दोन नेसतेय. तुमच्या मंडळींना तीन नेसू द्या, आतून. काय?"

मी मान हलवली.

हेडमास्तरीणबाईंनी साड्या खाटेवर ठेवल्या आणि मागे सरकल्या. हातात दिल्या नाहीत. बायकोने उचलल्या, एकीवर एक गुंडाळल्या आणि वरून स्वतःची सुती नेसली. टांग्यात तिला नीट बसता येईना. सव्वा तास ती एका हाताने दांडी धरून अर्धी उभी होती. घाम निथळत होता. मुलगी आठ वर्षांची. म्हणाली, "आये, तू लई जाड दिसती." बायको म्हणाली, "गप बस."

चौकीवर कुणी अडवलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब उलगडला. दोन माणसांचा माल पाच माणसांवर वाटला, की बसतो. आम्हाला आणलं होतं ते त्यासाठी.

हे कळूनही मी धर्मशाळेत ट्रंकेवर बसून होतो. आठ महिने डोळ्यांसमोर होते.

बायकोने तिसरी साडी पाण्यातून काढली. हिरवी. हेडमास्तरीणबाई एकदम ओरडल्या, "अगं, ही कशी यात आली? ही कोल्हारच्या भगवतीच्या ओटीची! वेगळी काढून ठेवली होती मी."

बायको पिळता पिळता थांबली. "बाई, ओटीला कोरी लागती," ती म्हणाली. "नेसलेली चालत न्हाई. धुतलेलीबी चालत न्हाई."

"ते तू मला शिकवतेस?" त्या साडीकडे बघत राहिल्या. धुतली नसती तर माझ्या बायकोच्या अंगावरची, धुतली तर पाण्यातून गेलेली. देवीला कशीच देता येईना. शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे. बाटलीच ती. तूच घे. तुला काय, सणावाराला होईल."

मी उठलो. बायकोच्या हातातली हिरवी घेतली, दोरीवरच्या दोन ओढल्या आणि चौकीकडे चालू लागलो. पँट पाण्याने भिजत होती.

"गुरुजी! अहो, कुठे?" हेडमास्तर मागून. मी थांबलो नाही.

कस्टमचा अंमलदार चहा पीत होता. ओला गोळा टेबलावर बघून हसला. "धोकर लाए हो?"

मी सांगितलं. माझ्या बायकोच्या अंगावरून आणल्या. मालक धर्मशाळेत आहेत. नाव सांगितलं.

हेडमास्तरांना बोलावलं. ते स्वच्छ हिंदीत म्हणाले, "ह्यांचा आमचा संबंध नाही. गाडीत ओळख झाली." अंमलदाराने त्यांचा कडक कोट बघितला, माझी ओली पँट बघितली. त्यांना जायला सांगितलं. मग शिपाई पाठवून बायको-मुलीला ट्रंकेसकट आणवलं आणि ट्रंक उघडली. त्यात मुलीची घडीची छत्री होती, एवढीच आमची खरेदी. साड्यांबरोबर तीही ठेवून घेतली. एका कागदावर माझी सही घेतली.

मग त्याने झडतीवाल्या बाईला बोलावलं. माझ्या बायकोला पडद्यामागे नेलं. तिच्या अंगावर आता तिची सुतीच होती. तरी तीही सोडायला लावली. मी घड्याळ बघत होतो. अकरा मिनिटं. ती बाहेर आली तेव्हा निऱ्या कशाबशा खोचल्या होत्या. मुलगी माझा हात सोडून तिच्याकडे गेली.

मला वाटत होतं, मी मोठं काहीतरी केलं. आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. गाडीत बायको काही तरी बोलेल म्हणून वाट बघत होतो. ती पुढच्या दिवशी दुपारी बोलली.

"नेसताना मला इचारलं न्हाई. धुताना तुमी बसून हुता. घेऊन गेला तवाबी इचारलं न्हाई. पडद्याआड कोन गेलं? तुमी?"

मी म्हणालो, "आपल्या इज्जतीसाठी केलं."

"तुमच्या," ती म्हणाली. "त्या बाईला मीच बोलनार हुते. तोंडात आलं हुतं."

हेडमास्तरांनी तिच्याबद्दल मला विचारलं होतं आणि तिच्या वतीने मी हो म्हणालो होतो. मग तिच्याच वतीने नाही म्हणालो. दोन्ही वेळा ती समोर होती. पेल्याची वेगळी फळी मी माझ्या घरातही ठोकली होती, तिच्यासाठी.

जूनमध्ये शेरा आला, वर्तन असमाधानकारक. नोकरी गेली. पुढच्या साली दुष्काळी कामावर आम्ही जामखेडकडे होतो. मी हजेरी कारकून, बायको खडी फोडायला. तिसऱ्या आठवड्यात मुकादम माझ्याकडे आला. "कारकून, साहेबांच्या तंबूत भांडी घासायला तुझी बायको धाड."

मी म्हणालो, "ती इथेच बसलीय. तिला विचारा."

"तिला काय इचारायचं? तू दादला न्हवं तिचा?"

"तिला विचारा."

त्याने विचारलं नाही. जीभ वळेना त्याची. पण तिने ऐकलं होतं. हातोडी खाली ठेवली. "न्हाई," ती म्हणाली. "खडी फोडायला आले, खडी फोडीन."

दुसऱ्या दिवशी दोघांचीही नावं हजेरीपटावरून गेली. तिघांनी एकोणीस मैल चालत दुसरं काम गाठलं. तिथलाही मुकादम तसाच निघाला. त्यानंतरचेही बहुतेक तसेच. हे बदलेल असं मला वाटत नाही, तशी आशाही मी धरत नाही. माझा नकार मी देईन. तिचा ती देईल. मधे कुणी उभं राहायचं नाही, मीही नाही. काम जाईल. जाऊ दे.