वाळूच्या बोटीवरचं जाळं

आमच्या घरात कॉलेज पुरं करणारा मी पहिला, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणाराही मीच पहिला. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. चढू दे. कळंबच्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलो आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून मालवणला जाऊन स्कूबा शिकलो. बारामतीत असाच वेड लागलेला एक सहकारी भेटला. पुढं कुणी बुडालं की आम्हा दोघांना फोन यायला लागले. या कामाचे पैसे आम्ही घेत नाही.

त्या जानेवारीत फोन आला तो इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातून. एक मासेमार आदल्या दिवशी एकटाच होडी घेऊन गेला होता. होडी मिळाली, माणूस मिळाला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, तरी माणसं कानाला मफलर गुंडाळूनच उभी होती. बायका लांब बाभळीखाली बसलेल्या, मधे त्या मासेमाराची बायको. रितीप्रमाणं होडीत कोंबडा ठेवून सगळं पाणी फिरवून झालं होतं. बुडालेल्या माणसावरून होडी गेली की कोंबडा आरवतो म्हणतात. हा आरवला नव्हता.

"थंडीनं त्याचाबी गळा बसला आसंल," एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही.

बुडालेल्याचा बाप पाण्याकडं तोंड करून दगडावर बसला होता. सगळं गाव त्याला आबा म्हणत होतं. मागं चाललेली कुजबुज त्याला ऐकू जात होती.

"पेला आसंल."

"न्हाय रं, पेत न्हवता त्यो. परवा बायकोसंगं लई वाजलं म्हणं."

"मंग सोताच गेला आसंल."

आबा मान न वळवता म्हणाला, "जरा लांब जाऊन बोला की. हितं मी बसलोय."

मग त्यानं मला विचारलं, "कुठला तू?"

"कळंबचा, आबा. राहायला बारामतीत."

"शिकल्याला दिसतूस."

"व्हय. इंजिनियर हाय."

"मंग पाण्यात कशाला मरतूस? खुर्चीत बसावं." माझ्या टाकीवर त्यानं एकदा हात फिरवला. "माझं पोरगं पाण्याला भ्यालं न्हाय कधी, आन् घराला कटाळलं न्हाय. खाली काय दिसंल त्ये मला येऊन सांग. ह्यास्नी न्हाय, मला."

जाळ्याची बोळकी, म्हणजे तरंगायला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, काठापासून बऱ्याच आत दिसत होत्या. तिथं खाली वाळू उपसायची एक लोखंडी बोट पडलेली होती. कधीतरी वाऱ्यावादळात ती बुडाली आणि मालकानं तिच्याकडं पुन्हा पाहिलं नाही. दहा-बारा परस, म्हणजे साठ-सत्तर फूट, पाणी असेल तिथं.

आम्ही दोरीला धरून उतरलो. वरचं पाणी हिरवट होतं. खाली जाईल तसा उजेड संपला आणि थंडी हातमोज्यातून बोटांत शिरली. विजेरीचा उजेड हातभर पुढं जायचा आणि गाळात विरायचा. बोट एका कुशीवर कलंडलेली होती. आधी कठडा हाताला लागला, मग इंजिनची खोली. गंजाचे पापुद्रे हात लावला की सुटून तोंडासमोर यायचे. खोलीत गाळ भरलेला, आत माशांशिवाय काही नव्हतं. आम्ही हातानं चाचपत सगळा डेक पाहिला. टाकीतली हवा पाहून सोबत्यानं अंगठा वर केला. वर चला.

वर येताना मी जाळ्याच्या कडेनं आलो. वाळू उपसायच्या पाइपाचा लोखंडी हात बोटीवरून वर उभा राहिला होता आणि जाळं त्याच्या टोकाला गुंतलं होतं. पाण्याच्या पृष्ठभागापासून चार परस खाली. तिथंच तो होता. डावा पाय घोट्यापासून जाळ्यात गुरफटलेला. मनगटाला दोरीनं सुरी बांधलेली. पायाभोवतीचं जाळं निम्म्याहून जास्त कापलेलं होतं.

मी उरलेलं कापलं, त्याला छातीशी धरलं आणि वर निघालो. तेवढ्यात सोबत्यानं माझ्या छातीवर जोरात बुक्की मारली. मला कळेना. त्यानं परत मारली, तेव्हा तोंडातून बुडबुडे सुटले आणि समजलं की मी दम धरला होता.

स्कूबातला पहिला नियम आहे, श्वास कधी रोखायचा नाही. वर येताना रोखला तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. पण विहिरीच्या तळाहून कळशी, मोटार, काहीही जड वर काढायचं तर आम्हाला लहानपणापासून एकच ठाऊक, दम धरायचा. ज्याचा दम मोठा तो गडी मोठा. हातात ओझं आलं आणि शरीरानं विहिरीचंच ऐकलं. बाकीचं अंतर सोबती माझ्या तोंडाकडं बघत माझ्याबरोबर वर आला.

काठावर पोलिसांनी पंचनाम्याला सुरुवात केली. आबा बाजूला उभा राहिला. त्यानं मुलाच्या तोंडावरचा गाळ पंच्यानं पुसला आणि मला थोडं लांब नेलं.

"सांग."

"जाळं पाइपाच्या लोखंडाला अडकलं व्हतं, आबा. सोडवताना पाय गुतला."

"सुरी?"

"हातालाच व्हती. कापत व्हता. निम्म्याच्या वर कापलं व्हतं."

आबानं हातातला गाळानं भरलेला पंचा झटकला.

"उशिरा काढली त्यानं," तो म्हणाला. "जाळं अडकलं की कापायचं न्हाय. दम धरून उतरायचं आन् हातानं सोडवायचं. म्याच शिकिवलं त्याला. एकदा कापलं व्हतं त्यानं ल्हानपणी, तवा दिवसभर बोललो न्हवतो त्याच्याशी."

मला आधीच खोटं बोलता आलं असतं, सुरी दिसली नाही म्हणून. मग त्याच्यावरचं ओझं उतरलं असतं, पण मागची कुजबुज खरी ठरली असती. आणि मला त्यानं खरं सांगायलाच खाली पाठवलं होतं.

"कापत व्हता ह्ये नक्की?" त्यानं परत विचारलं.

"नक्की, आबा. डोळ्यांनी बघितलं."

त्यानं मान हलवली. ज्यांची कुजबुज चालली होती त्यांच्याकडं तो गेलाच नाही. पंचा खांद्यावर टाकून बाभळीकडं चालत गेला. बायका सरकल्या. सुनेपुढं तो खाली बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरी, रागानं गेला न्हाय त्यो. घरी यायचीच धडपड चालली व्हती त्याची."