मानमोडी म्हणू नको

यंदाच्या थंडीत कारंजा लाडच्या बाजारात बोभाटा झाला, की हुस्नाबानोनं कोंबड्यांचा जनाजा काढला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती म्हणे, खड्डा होता, वरून दुवाही मागितली.

साफ झूट! पांढरे कपडे सरकारी पथकाचे होते, खड्ड्यात चुना होता, आणि बानोनं मागितली ती साबणाची वडी.

झालं असं. बानोचं घर अंड्यांवर चालतं. एका सकाळी तिच्या चाळीस कोंबड्यांतल्या सात मेल्या, तुरे निळे पडलेले. शेजारच्या विमलबाई कुंपणावरूनच बोलल्या, "कोंबड्यायची मानमोडी हाये वं. दरसाली येते. सुस्त दिसून राह्यल्या त्या कापून टाक, रस्सा कर!"

बानोचा हात सुरीकडे गेला नाही. तिची दादी सांगायची, शंभर वर्षांमागं माणसं पटापट मेली त्या तापालाही तिच्या धनज गावात मानमोडीच म्हणत.

"विमलबाई, नुसतं नाव घेतल्यानं रोग समजते का? शिजवल्यावर भेव नाई, पण कापताना? रगत, पिसं, सारं नाकातोंडात. आज कोंबडीतून माह्यात आला, उद्या माह्यातून तुह्यात याले शिकला, मंग?"

"म्हून सरकारी डाक्टरले फोन करशीन? साऱ्या गल्लीच्या कोंबड्या मारतीन नं थे! माह्या बारा हायेत, बारा!"

"माह्या तेहतीस हायेत," बानो म्हणाली. तोंडाला ओढणी बांधली आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पथक आलं त्या दिवशी गल्लीत एक कोंबडी दिसेल तर शपथ. बानोनं आपल्या तेहतीस आधी दिल्या, मग दारोदार उभी राहिली. "लपवलेली कोंबडी तुमच्या लेकराच्या उशाशी बसून राह्यली, एवढं ध्यानात ठेवा."

गल्लीत साऱ्यांच्या नकला करत फिरणारी जी बाई हे लिहिते आहे, तिनं बानोशी छातीठोक पैज मारली होती: विमलबाई कोंबड्या देणार नाहीत. हरली तर महिनाभर कोणाची नक्कल नाही.

दुपारी विमलबाईंच्या आवाजानं गल्ली दणाणली. "ओ पांढरेवाले, इकडं या! कूलर उघडा, बाराच्या बारा आत हायेत. नातू झोपते त्या खोलीत म्हून सांगून राह्यली, हिच्यासाठी नाई!"

पुढं दहा दिवस दवाखान्याच्या माणसांनी साऱ्या गल्लीचा ताप मोजला. कोणाला साधं पडसं नाही.

विमलबाईंची ती हाक, सूर अन् कंबरेवरच्या हातासकट, लिहिणारीच्या जिभेवर तयार आहे. पण हरलेल्या पैजेचा महिना सरायला एकोणीस दिवस बाकी. आणि बानो रोज मुद्दाम विचारते, "काय म्हनल्या व्हत्या वं विमलबाई?"