शेषरावचे दहा टक्के

शेषराव मालेगावात दौलतरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वाफेचं इंजिन चालवायचा. मी तिथंच दिवाणजी होतो. ज्या जिनिंगमध्ये बापानं हमाली केली, तिथं आपण बॉयलरची परीक्षा पास होऊन इंजिनवाला झालो, याचा त्याला कोण अभिमान! इंजिनाचं पितळ तो असं घासायचा, की त्यात बघून खुशाल भांग पाडावा.

त्र्याहत्तरच्या हंगामात मालकांचा पुतण्या इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आला. त्यानं दोन दिवस कोळसा मोजला, इंजिनाचं काम मोजलं आणि काकांना सांगितलं, की शंभर किलो कोळसा जाळला तर काम आठ किलोचंच होतं. पोराचं शिक्षण वाया गेलं नाही म्हणून काका खूश झाले, आणि लगेच भडकले.

"मंग ब्याण्णव किलो कुठी गेला? शेषराव, कोळसा इकून राह्यला का तू?"

चार माणसांत चोर म्हटल्यावर शेषरावचा चेहरा पार उतरला. पण तो भांडला नाही. त्यानं खडू घेतला आणि बॉयलरखोलीच्या भिंतीवर लिहिलं: वाफ आत येते १८० अंशांवर, बाहेर जाते १०० वर. दोन्हींत २७३ मिळवायचे, कारण हा हिशोब बर्फापासून नाही, त्याच्या कितीतरी खालून सुरू होतो. झाले ४५३ आणि ३७३. फरक ८०. ऐंशी भागिले चारशे त्रेपन्न, म्हणजे शंभरात जेमतेम अठरा.

"मालक, गळती नाही, घासाघासी नाही, असं दुनियेतलं उमदं इंजिन आनलं तरी या वाफेवर अठराच्या वर जात नाही. बाकीची ऊब सुटल्या वाफेसंगं जाते. थे कोनालेच थांबवता येत नाही."

"बरोबर आहे, काका," पुतण्या म्हणाला.

शेषरावनं घाम पुसला. सुटला बिचारा, असं मला वाटलं.

दौलतराव भिंतीकडं बघतच होते. "अठरा होते म्हनतं ना? मंग तू आठच काहून देऊन राह्यला? मधातले दहा कुठी गेले?"

वाफ अडवणारं पॅकिंग झिजलं, पट्टे सैल झाले, नवे द्या म्हणून तीन वर्षं मागतोय, असं शेषराव सांगत राहिला. निसर्गानं नेलेल्या ब्याऐंशी टक्क्यांबद्दल मालकांनी हूं की चूं केलं नाही. निसर्ग त्यांच्या पगारावर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना शेषरावचा जेवणाचा डबा तपासायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडं आलं. कोळशाचा काटा मीच करायचो. एक किलोही कधी कमी भरला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सहा वर्षं तो रोज माझ्यापुढं डबा उघडायचा, आणि मी आत डोकावून बघायचो.